आंबोलीच्या रानातील दोन बिनतारी संच : एका बदललेल्या यंत्राची गोष्ट

१/ पहाटेच्या अंधारात मालवणच्या बंदरातून यांत्रिक नौका बाहेर पडते, तेव्हा तांडेलाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. एक सुकाणूवर, दुसरा कधी इंजिनाकडे, कधी दोराकडे. केबिनमधला बिनतारी संच मात्र तिसरा हात मागतो : बोलायचे असेल तर माइक उचला आणि कळ दाबून धरा. या तिसऱ्या हाताच्या शोधातून लहान संचांत फेरफार करण्याची हौस जगभर वाढली. आणि आज ज्याला सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतात, त्याच्या घाटमाथ्यावर अशाच एका फेरफाराने एका साम्राज्याची झोप सहा वर्षे उडवली होती. त्या दोन्ही गोष्टींची ही साखळी.

२/ आधी यंत्र समजून घेऊ. ‘सिटिझन बँड’ किंवा सीबी म्हणजे सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेला लहरींचा पट्टा. अमेरिकेने १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा या कामासाठी खुला केला. १९७३ च्या तेलटंचाईत तिथल्या ट्रकचालकांनी पेट्रोलपंप कुठे उघडा आहे आणि पोलीस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना सांगण्यासाठी हे संच घेतले. गर्दी एवढी झाली की २३ वाहिन्या अपुऱ्या पडल्या आणि १९७७ पासून त्या ४० झाल्या.

३/ गाडीत किंवा होडीत बसवायचा छोटा सीबी संच दिसायला साधा असतो. एक खटका वाहिनी बदलण्याचा, एक आवाज कमी-जास्त करण्याचा, आणि तिसरा ‘स्क्वेल्च’चा. हा तिसरा खटका म्हणजे दारावरचा पहारेकरी : ठरावीक ताकदीपेक्षा दुबळी लहर आली तर तो कर्णा बंद ठेवतो. म्हणून कोणी बोलत नसताना संच सतत खरखरत नाही. पण पहारा फार कडक ठेवला, तर दूरवरून येणारी क्षीण हाकही दाराबाहेरच राहते.

४/ हौशी लोक फेरफार करतात ते इथेच. माइकच्या तारेतील बोलण्याच्या कळीची जोडणी बाहेर काढून तिला सुकाणूजवळ एक मोठे बटण लावतात. वाहिनी बदलण्याच्या कळा माइकवरच आणतात. अलीकडे ब्लूटूथची जोड देऊन कानातल्या यंत्रातून बोलतात. आवाज ऐकताच आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी सोयही असते. पण इंजिनाची धडधड आणि वारा यांनाही ती माणसाचा आवाज समजते, म्हणून खुल्या नौकेवर जुने बटणच अधिक इमानी ठरते.

५/ एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. अशा संचात ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी होत नाही. कळ दाबली की ग्राहक भाग सुटतो आणि तोच अँटेना प्रक्षेपकाला जोडला जातो. कळ सोडली की पुन्हा ऐकणे. म्हणून बोलणारा वाक्याच्या शेवटी ‘ओव्हर’ म्हणतो आणि थांबतो. या थांबण्यातच उत्तराची खात्री असते. पुढच्या गोष्टीत ही खात्रीच नाही, आणि तिचे सारे मोल तिथेच आहे.

६/ भारतात बिनतारी संच जवळ बाळगणे ही दीर्घकाळ साधी बाब नव्हती. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांनी परवान्याशिवाय संच ठेवणे हाच गुन्हा ठरवला होता. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील ५ वॅटपर्यंतच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली ती २००५ मध्ये. त्याच्या बरोबर अर्धशतक आधी, १९५५ मध्ये, दोन संच आंबोलीच्या जंगलात बोलू लागले होते.

७/ ते का बोलले, हे कळण्यासाठी सीमेपलीकडे पाहावे लागते. भारत स्वतंत्र झाला तरी गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली पोर्तुगालच्या ताब्यातच राहिले. सालाझारच्या राजवटीत सभा आणि संघटना यांच्यावर बंदी होती. छापण्याचा प्रत्येक मजकूर आधी तपासनिसापुढे ठेवावा लागे. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभा घेऊन ही बंदी मोडली आणि नागरी हक्कांच्या लढ्याला तोंड फुटले.

८/ १५ ऑगस्ट १९५५. देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणी गोव्याच्या हद्दीत शिरले. सावंतवाडी तालुक्यातील बांद्याच्या पलीकडे पत्रादेवी लागते, उत्तरेच्या टोकाला तेरेखोल. पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. पत्रादेवीला पंजाबचा तरुण कर्नेलसिंग बेनिपाल पडला. तेरेखोलला हिरवे गुरुजी पडले. आजही गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या पत्रादेवीवरून जातात.

९/ या गोळीबारानंतर भारताने पोर्तुगालशी उरलेसुरले संबंध तोडले, वाहतूक थांबवली, सीमा बंद केली. कोंडी राजवटीची झाली, तशीच गोव्यातल्या माणसांचीही झाली. बाहेर काय चालले आहे, हे त्यांना सांगणारे आता सरकारी छापखाना आणि सरकारी नभोवाणी एवढेच उरले. पत्रक सीमेवर पकडता येते. ते नेणारा माणूसही पकडता येतो. आवाजाला मात्र चौकीवर थांबवता येत नाही.

१०/ पण आवाज पाठवायचा कशातून? त्याचे उत्तर एक वर्ष आधीच हाती आले होते. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केले. २ ऑगस्टला सिल्वासा पडले. त्या मोहिमेत संगीतकार सुधीर फडके होते, आणि निधीसाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. याच मुक्तिसंग्रामात पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच राष्ट्रवाद्यांच्या हाती लागले. पुढे त्यांचेच रूपांतर करून नभोवाणी केंद्र उभे राहिले.

११/ येथे यंत्राकडे पुन्हा वळू. ठाण्याचा बिनतारी संच आणि नभोवाणीचा प्रक्षेपक यांचे कूळ एकच : लहर निर्माण करणारा भाग, तिच्यावर आवाज चढवणारा भाग, आणि ती हवेत सोडणारी तार. स्वभाव मात्र वेगळे. ठाण्याचा संच एका माणसाशी बोलण्यासाठी असतो. दोन मिनिटे बोलायचे, दहा मिनिटे ऐकायचे. ‘येथे सर्व ठीक’ एवढे वर कळवले की त्याचे काम झाले.

१२/ नभोवाणीला सलग बोलावे लागते. त्या काळच्या निर्वात नळ्या अखंड प्रक्षेपणात तापतात, म्हणून त्यांना पुरेसा वीजपुरवठा आणि वारा हवा. लहरीचे स्थान हलून चालत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या हातात साधा घरगुती रेडिओ असतो आणि त्याने काल जिथे काटा ठेवला तिथेच आजही आवाज सापडला पाहिजे. ठाण्याचा माइक शब्द कळण्यापुरता चांगला असतो. तासभर ऐकवत राहायचे, तर आवाज कानाला सुसह्यही हवा.

१३/ आणि तार. अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. सीबीच्या २७ मेगाहर्ट्झला ती सुमारे ११ मीटर, म्हणून तिच्या पाव भागाची, पावणेतीन मीटरची काठी गाडीवर किंवा होडीवर उभी करता येते. लघुलहरींवर हा हिशेब वाढतो : ४२ मीटरच्या लहरीला अर्ध्या लांबीची, म्हणजे २१ मीटरची तार लागते. अशी तार दोन उंच झाडांमध्ये ताणता येते. जंगल हा तिचा आयता खांब.

१४/ ४२ मीटरचे उदाहरण सहज घेतलेले नाही. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेले गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवरच बोलत असे. २७ ऑगस्टला पहिले प्रक्षेपण झाले आणि १२ नोव्हेंबरला पोलीस दारात आले. अडीच महिन्यांत केंद्राला वारंवार जागा बदलावी लागली, कारण प्रक्षेपकाची लहर जशी श्रोत्याला सापडते तशी ती शोधणाऱ्यालाही सापडते. गुप्त नभोवाणीची मुख्य अडचण ही अशी आहे : ऐकू जायचे आहे, पण सापडायचे नाही.

१५/ गोव्यासाठी बोलणाऱ्यांनी यावर उत्तर काढले ते चाकांवरचे. रूपांतरित संच ट्रकवर बसवले आणि जागा निवडली आंबोलीची. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच, दाट रान, सीमा हाकेच्या अंतरावर. पणजी येथून सरळ रेषेत ५५ किलोमीटरच्या आसपास. तेव्हा हा भाग मुंबई राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.

१६/ पहिले प्रक्षेपण झाले २५ नोव्हेंबर १९५५ रोजी. इतिहासप्रेमींना ही तारीख ओळखीची वाटेल. शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, ती तारीख २५ नोव्हेंबर १६६४ अशीच दिली जाते. पोर्तुगीज, सिद्दी आणि इंग्रज या समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्यांना शह देण्यासाठी तो किल्ला उठला. २९१ वर्षांनी त्याच मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, घाटावर, पोर्तुगीजांविरुद्ध आणखी एक ठाणे उभे राहिले. याला योगायोगच म्हणावे. मात्र लक्षात राहावा असा योगायोग.

१७/ केंद्राला दोन नावे होती. पोर्तुगीज भाषेत ‘व्होझ द लिबेर्दाद’ आणि कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. अर्थ एकच : स्वातंत्र्याचा आवाज. पोर्तुगीज भाषा अधिकाऱ्यांसाठी आणि त्या भाषेत शिकलेल्यांसाठी, कोकणी सर्वांसाठी. आरंभी निकोलाव मिनेझिस सोबत होते. पण सहा वर्षांचा भार वाहिला तो मुख्यतः दोघांनी : वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो.

१८/ लिबिया लोबो तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांच्या होत्या. मुंबईत वाढलेल्या, कायदा शिकलेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याच्या कचेरीत काम केले होते. दुसऱ्याच्या शब्दांवर पहारा कसा ठेवतात, हे त्यांनी टेबलाच्या त्या बाजूने पाहिले होते. आता त्या दुसऱ्या बाजूला आल्या. मुंबईतली मित्रमंडळी, सायंकाळच्या सभा हे सारे सोडून एक तरुण स्त्री १९५५ मध्ये जंगलात राहायला गेली, यातले धाडस आजच्या वाचकाने मुद्दाम थांबून मोजावे.

१९/ ते दोघे काय बोलत? पोर्तुगीज सरकारी प्रचाराचे खंडन. भारताच्या संसदेत आणि संयुक्त राष्ट्रांत गोव्यावर झालेली चर्चा. आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींतून येणाऱ्या लढ्याच्या बातम्या. शेवटची बाब महत्त्वाची होती. आपण एकटे नाही, ज्या सत्तेशी आपण झगडतो आहोत तिच्याशी अंगोलातही कोणी झगडतो आहे, हे गोव्यातल्या माणसाला सरकारी छापखाना कधीच सांगणार नव्हता.

२०/ आणि ते राहत कसे? आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. जूनपासून ढग जमिनीवर उतरतात, कपडे वाळत नाहीत, कागदाला बुरशी धरते. बिनतारी यंत्राचा ओलाव्याइतका मोठा शत्रू नाही : जोडणीवर गंज, तारांच्या आवरणातून गळती. रानात साप आणि श्वापदे. शिवाय गुप्ततेसाठी माणसांपासून दूर राहणे आले. बातम्या जमवायच्या, मजकूर लिहायचा, दोन भाषांत वाचायचा, आणि उद्या पुन्हा तेच.

२१/ पुढे केंद्र दक्षिणेला कॅसलरॉकच्या रानात हलले. हे गोव्याच्या सीमेवरचे रेल्वेस्थानक, तेही तसेच पावसाळी आणि दाट जंगलाचे. या सहा वर्षांत भोवतालचा नकाशाही बदलत राहिला. नोव्हेंबर १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होऊन कॅसलरॉक म्हैसूर राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाले. सीमारेषा सरकत होत्या. ट्रकवरचा संच मात्र रोज त्याच एका दिशेला बोलत होता.

२२/ आता ‘ओव्हर’ या शब्दाकडे परत येऊ. सीबीवर बोलणारा कळ सोडतो आणि उत्तर येते. नभोवाणीत कळ सोडली की शांतता. फेरफार करताना या संचांतून जे काढून टाकावे लागले, ते म्हणजे समोरच्याचे उत्तर. गोव्यात लोक चोरून ऐकत, दारे लावून, आवाज बारीक ठेवून. जो चोरून ऐकतो तो पत्र लिहीत नाही. सहा वर्षे रोज बोलायचे आणि पलीकडे कोणी आहे असे गृहीत धरायचे, हे या कामातले सर्वांत अवघड काम होते. नळ्या तापल्या तर त्यांना गार होऊ देता येते. या शांततेवर मात्र कोणतीही जोडणी चालत नाही.

२३/ डिसेंबर १९६१ मध्ये वेळ आली. लष्करी हालचाली सुरू झाल्या तसे केंद्र बेळगावला आले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा शरणागतीचा संदेश गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्वा यांच्यासाठी याच केंद्रावरून देण्यात आला. ज्यांच्या सरकारने हा आवाज सहा वर्षे बेकायदा मानला, त्यांच्याशी भारत सरकार शेवटी त्याच आवाजातून बोलले. १८ डिसेंबरला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळी येथील पोर्तुगीजांचे बिनतारी केंद्र बंद पाडले. लिस्बनने अखेरपर्यंत लढण्याची आज्ञा दिली होती. गव्हर्नरने ती पाळली नाही आणि १९ डिसेंबरच्या सायंकाळी शरणागती लिहून दिली. त्यामुळे अनेक प्राण वाचले.

२४/ त्या दिवशी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हवाई दलाच्या विमानातून गोव्यावर फिरले. विमानाला ध्वनिक्षेपक लावले होते. खाली पत्रके टाकत त्यांनी पोर्तुगीज आणि कोकणीत घोषणा केली की ४५१ वर्षांची परकी सत्ता संपली, गोवा मुक्त झाला. जंगलातल्या बंद जागेतून ज्यांच्याशी बोलावे लागले, ती माणसे आता उघड्या अंगणांत आणि रस्त्यांत खाली दिसत होती. सहा वर्षांत प्रथमच बोलणाऱ्यांना ऐकणारे डोळ्यांनी दिसले.

२५/ पुढे दोघांनी विवाह केला. वामन सरदेसाई अंगोलात भारताचे राजदूत झाले. ज्या देशाच्या लढ्याच्या बातम्या त्यांनी रानातून वाचल्या, तो देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाला होता. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लिबिया लोबो सरदेसाई यांना ती मिळाली २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत. दोघांनी एकाच कामाला सहा वर्षे दिली, पण दोन सन्मानांमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर पडले. इतिहास वाचणाऱ्यांनी या अंतराचाही विचार करावा.

२६/ मग मालवणच्या तांडेलाशी याचे नाते काय? ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. इशारा जमिनीवर होता. खोल समुद्रात गेलेल्या अनेक नौकांपर्यंत तो वेळेत पोहोचला नाही, आणि अनेक घरांतली माणसे परतली नाहीत. आज नौकांवर सागरी व्हीएचएफ संच असतो. संकटाच्या हाकेसाठी त्याची १६ क्रमांकाची वाहिनी, १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर राखून ठेवलेली आहे. उपग्रहांवरून संकेत देणारी उपकरणेही आली. प्रश्न मात्र १९५५ चाच आहे : ज्याला ऐकायला हवे, त्याच्यापर्यंत आवाज जातो का?

२७/ म्हणून लहान संचाला एखादे बटण जोडणाऱ्याचे काम क्षुल्लक समजू नये. सुकाणूवरचा हात न काढता हाक देता यावी, एवढ्यासाठी तो तारा सोलत बसलेला असतो. आंबोलीच्या ट्रकवरही कोणीतरी असेच तारा सोलत बसले होते. एका राजवटीने वर कळवण्यासाठी ठेवलेले यंत्र त्यांनी लोकांशी बोलायला शिकवले. पुढच्या वेळी आंबोलीला धबधबा पाहायला जाल, तेव्हा रस्त्याच्या आतल्या रानाकडेही एकदा पाहा. २५ नोव्हेंबरला मालवणच्या जेट्टीवरून किल्ला पाहिलात, तर त्या तारखेची दुसरी गोष्टही सोबतच्या माणसाला सांगा. (समाप्त)